तू साक्ष द्यायला गेला होतास

दादा, गावच्या नाक्यावर लागलेला तुझा फ्लेक्स मी फाडला. भर दुपारी, रिक्षा स्टँडवरची सगळी माणसं बघत असताना, चहावाल्याचं स्टूल घेऊन वर चढले आणि टराटरा फाडला. त्यावर तुझा क्रिकेटच्या सामन्यातला फोटो होता, पांढरी टोपी घातलेला. खाली 'मनमिळाऊ, सर्वांचे लाडके, उत्कृष्ट पंच कै. बाळाराम यांना भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्याच्याही खाली हात जोडलेल्या तोंडांची रांग. त्यातलं एकही तोंड तू तुरुंगात असताना आपल्या ओटीवर चढलं नव्हतं. याच तोंडांनी वहिनीला हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं. याच तोंडांनी देवाची पालखी आपल्या दारापुढून न थांबता नेली. नाक्यावर चहा पिताना तुझं नाव घ्यायची वेळ आली की हे 'तो टिपर' म्हणायचे, म्हणजे लुटारूंना टीप देणारा. मेलास आणि लाडका झालास.

एक रिक्षावाला म्हणाला, "ताई, असू दे ना. श्रद्धांजली हाय."

"जिवंत होता तेव्हा कुठे होती?" मी विचारलं. तो बिचारा रिक्षात जाऊन बसला. त्याचा काही दोष नव्हता, पण हल्ली माझा राग माणूस बघत नाही.

तू असतास तर म्हणाला असतास, "मास्तरनी, लोकांचा कशाला मनावर घेतंस?" मी घेते. तू नाही घेतलंस म्हणून तर एवढं झालं. कोणाबद्दल वाईट मनात आणायचं नाही, कोणी विचारलं तर खरं सांगायचं, कोणी न विचारताही जाऊन खरं सांगायचं. यातलं शेवटचं तुला भोवलं.

त्या दिवशी तू आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आपल्या पायांनी पोलीस ठाण्यात गेलास. कोणी बोलावलं नव्हतं. न्हावा शेव्याच्या रस्त्यावरच्या त्या कंटेनर यार्डात तू गेटवर होतास, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची नोंद करायचास. आदल्या पहाटे तुझ्या गेटातून निघालेला एक ट्रेलर गव्हाणच्या पुढे अडवून लुटला होता. ड्रायव्हर रामसूरत, उत्तर प्रदेशातला, तुझ्या रोजच्या ओळखीचा. त्याला लोखंडी सळईने मारलं, त्याचा एक डोळा गेला. त्याआधीचे दोन-तीन दिवस गेटासमोर दोन मोटारसायकली उगाच उभ्या असायच्या आणि त्यावरची पोरं कोणती गाडी कधी निघणार ते क्लीनर लोकांना विचारत होती, हे तू पाहिलं होतंस. यार्डातल्या साहेबाला सांगितलंस, तो म्हणाला, "आपण यात पडायचं नाही." तू पडलास. वहिनी म्हणाली जेवून जा, तर म्हणालास, "आलूच. पाच मिन्टाचा काम हाय."

साक्ष द्यायला गेलास आणि आरोपी होऊन राहिलास. एवढंच झालं. याच्यात गुंतागुंत काही नाही. त्यांना ताबडतोब माणूस हवा होता आणि तू समोरच बसला होतास. गाडीत काय आहे आणि ती कधी निघणार हे गेटवाल्यालाच ठाऊक, म्हणजे टीप गेटवाल्यानेच दिली. झाला तपास.

संध्याकाळ झाली तरी तू आला नाहीस म्हणून वहिनी ठाण्यात गेली. दारावरचा शिपाई म्हणाला, असा कोणी माणूस इथे नाही. वहिनीने दाराबाहेरच्या चपलांकडे बोट दाखवलं. डाव्या चपलेचा अंगठा तिने स्वतः दाभणाने शिवला होता. "ह्या कोनाच्या?" तिने विचारलं. शिपायाने चपलांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि आत निघून गेला. दुसऱ्या दिवशी मी पनवेलहून गेले तेव्हाही तू तिथे नव्हतास. म्हणजे होतास, पण कागदावर नव्हतास. कागदावर तुला तिसऱ्या दिवशी अटक झाली, यार्डाजवळून, पळून जाण्याच्या तयारीत असताना!

मी शाळेत मराठीबरोबर नागरिकशास्त्रही शिकवते. अटक झालेल्या माणसाला कारण सांगायचं, त्याला वकील भेटू द्यायचा, चोवीस तासांच्या आत न्यायाधीशापुढे उभं करायचं. वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून देत आले. मुलं ते सुंदर अक्षरात उतरवून घेतात. आता तो धडा आला की मी खडू खाली ठेवते आणि मुलांना सांगते, पुस्तकात हे आहे, आणि चोवीस तास मोजायला सुरुवात कधी करायची हे पोलीस ठरवतात. मुख्याध्यापिकांनी बोलावून विचारलं, असं का शिकवता. म्हटलं, अभ्यासक्रमात सुधारणा करतेय.

पहिल्यांदा तुला कोर्टात उभं केलं तेव्हा मी मागच्या बाकावर होते. तू टाचा टेकवत नव्हतास, चवड्यांवर चालत होतास. न्यायाधीशांनी विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" तुझ्या कोपराला कोपर लावून तुला मारणारा हवालदारच उभा होता. तू म्हणालास, "नाय." मला तेव्हा तुझा भयंकर राग आला. जन्मभर नको तिथे खरं बोललास आणि इथे, जिथे विचारत होते तिथे, 'नाय'? नंतर कधीतरी तू सांगितलंस, "गारीत बोलला व्हता, आज कोर्टातून परत आपल्याकडंच यायचा हाय तुला." मग माझा राग तुझ्यावरून उठून दुसरीकडे बसला. आरोपीला तक्रार विचारायची तर त्याला मारणारा बाहेर उभा करावा, एवढी अक्कल लागायला कोणता आयोग नेमावा लागतो? तुझ्या बाजूने बोलायला पहिल्या तासापासून एक वकील त्या खोलीत असता, तर तुला 'नाय' म्हणावं लागलं नसतं. तो आला कधी? सगळं लिहून झाल्यावर.

आणि काय लिहून! तुझा जबाब मी वाचला, दादा. 'मी माझ्या राजिखुषीने, कोणत्याही दडपणाविना निवेदन करतो की, सदर गुन्ह्यातील मुद्देमाल मी ज्या ठिकाणी दडवून ठेवला आहे ते ठिकाण मी दाखवतो, आपण माझ्यासोबत चला.' तू? 'निवेदन करतो की'? ज्याला मी जन्मभर 'आहे' म्हणायला शिकवलं आणि ज्याने मला चिडवायला मुद्दाम चारदा 'हाय' म्हटलं, तो माणूस मार खाऊन 'सदर' आणि 'मुद्देमाल' बोलायला लागला? तुझ्याबरोबर अडकवलेल्या बाकी तिघांचे जबाब पाहिले. शब्दाला शब्द तेच. 'राजिखुषीने' हे चुकीचं लिहिलेलंही चौघांनी सारखंच चुकवलं होतं. माझ्या वर्गात चार पोरांनी असा पेपर लिहिला असता तर चौघांना उभं केलं असतं मी. इथे त्याच्यावर माणसं आत ठेवतात.

मग खारफुटीतून दोन खोकी 'काढून दिलीस' म्हणे तू, पंचांसमक्ष. पंच कोण, तर ठाण्यासमोरचा झेरॉक्सवाला. त्या भागातल्या निम्म्या पंचनाम्यांवर त्याची सही असते, असं वकीलबाई म्हणाल्या. हे ऐकून तू हसलास, तुरुंगातल्या मुलाखतीच्या काचेपलीकडे. "तो पन पंच आन् मी पन पंच," म्हणालास.

तू खराच पंच होतास. आपल्याकडच्या टेनिस बॉलच्या सामन्यांना तुला कुठून कुठून बोलावणं यायचं, चिरनेरपासून पार उलव्यापर्यंत. ज्या दिवशी फायनलमध्ये तू आपल्याच गावच्या कॅप्टनला पायचीत दिलंस, तो दिवस मला आठवतो. टेम्पो भरून गेलेली टीम तुला मैदानावर टाकून परत आली. तू चालत घरी आलास, पायांवर ढोपरापर्यंत धूळ. मी म्हटलं, थोडं इकडे-तिकडे केलं असतंस तर काय बिघडलं असतं? आणि तू, "आऊट व्हता तो." बस्स. त्यावर चर्चा नाही. अपील झालं की तू लगेच बोट वर करायचा नाहीस. बॅटवाल्याकडे बघायचास, बॉलवाल्याकडे बघायचास, दोघांना बोलू द्यायचास, पोरं ओरडायची "ए पंच, झोपला काय", आणि मग सावकाश. मी तुला म्हणायचे, गल्लीतल्या क्रिकेटला एवढा विचार? आता वाटतं, तुझ्या वाट्याला तुझ्यासारखा एक पंच आला असता तर.

शिक्षकांच्या खोलीत एकदा विषय निघाला. आमचे एक सर म्हणाले, "मॅडम, तुमचं दुःख समजतं, पण या देशात आरोपींनाच सगळे हक्क आहेत. ज्याचा डोळा गेला त्याला कोण विचारतं?" मी म्हटलं, "अगदी बरोबर. ज्यांनी डोळा फोडला ते सापडले का, हे तरी कोणी विचारतं का? माझा भाऊ आत आहे म्हणून ते मजेत बाहेर आहेत." सर म्हणाले, "कोर्ट ठरवेल." मी वाट बघत राहिले. जामिनाचा अर्ज खाली फेटाळला, वर फेटाळला, त्याच्याही वर गेला आणि 'पुढील आठवड्यात' नावाच्या डोहात बुडाला. तीन वेळा न्यायाधीश बदलले. तुझा वकील दोनदा बदलला, मग सरकारकडून मिळालेल्या शेखबाई आल्या, त्या टिकल्या. पन्नाशीच्या, पनवेलच्याच, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साडीतल्या. पहिल्या भेटीत त्यांनी मला सांगितलं, "मैं झूठी तसल्ली नहीं देती. केस में दम नहीं है, पण सुनवाई तो हो!"

सुनावणीच होत नव्हती. तुला कोर्टात आणायला गार्ड नसायचे. निवडणूक असली की बंदोबस्त, सण असला की बंदोबस्त, मंत्री आला की बंदोबस्त. मग तुला पडद्यावर दाखवायला लागले. भिंतीवरच्या टीव्हीत एक निळसर खोली, तिच्यात ओळीने माणसं, आणि एकेकाचं नाव पुकारलं की तो कॅमेऱ्यापुढे यायचा. एकदा तू आलास आणि हात वर केलास, वर्गात पोरं करतात तसा. तुझे ओठ हलत होते. आवाज नव्हता. मी उठून म्हटलं, "साहेब, तो काहीतरी बोलतोय." कारकून म्हणाला, "तिकडून म्यूट आहे." कोणी तिकडे फोन लावेपर्यंत पुढची तारीख पडली होती आणि पडद्यावर दुसरा माणूस आला होता. तू हात वर ठेवूनच बाजूला सरकलास. दादा, ते मी विसरणार नाही. मार खाल्लास ते मी डोळ्यांनी पाहिलं नाही, हे पाहिलं. मुलाखतीला आल्यावर विचारलं, काय सांगत होतास? "पायाचा सांगत व्हतू," म्हणालास. "जखम भरत नाय."

पायाची गोष्ट पुढे येईल. आधी आपलं भांडण.

तिसरं वर्ष सरत आलं होतं. बाकीच्या तिघांनी कोर्टात गुन्हा कबूल केला आणि 'भोगली तेवढी शिक्षा' घेऊन घरी गेले. त्यातल्या एकाची बायको मला बाजारात भेटली. म्हणाली, केलं नव्हतं हो, पण पोरं मोठी व्हायला लागली. मी तशीच तुझ्याकडे आले. काचेपलीकडे तू, मध्ये तो खरखरणारा फोन.

"कबूल कर," मी म्हटलं. "एक शब्द. हो म्हण आणि घरी चल."

"मी केलाच नाय तर हो कसा बोलू?"

"सगळ्यांना ठाऊक आहे ते कसं असतं. उद्या कोणी तुला विचारणार नाही."

"मना विचारतील ना. गेटवर परत कोन ठेवेल? आन् ते जाऊ दे. मी हो बोललू की शोध संपला. त्या रामसूरतचा डोला कोनी फोडला, तो कागद बंद."

"तुला त्याची पडलीये! वहिनीची पडली नाही?"

तू फोन दुसऱ्या कानाला लावलास. मग म्हणालास, "रामसूरत येल. मी त्याला गेटवर बोललू व्हतू, बाहेर ती पोरं उभी हायत, उजाडू दे, मंग गारी काढ. त्याला घाई व्हती. तो येऊन एवढा जरी बोलला तरी मी सुटलू."

हे तू पोलिसांना सांगितलं होतंस, शेखबाईंना सांगितलं होतंस. शेखबाईही म्हणायच्या, ड्रायव्हरची साक्ष झाली की केस उडाली. ज्याने लुटायची टीप दिली तो 'उजाडेपर्यंत थांब' कशाला सांगेल? पण रामसूरतचं समन्स दरवेळी परत यायचं. पत्ता मिळत नाही. एक डोळा गेलेला ड्रायव्हर, गाडी चालवता येईना म्हणून गावी गेलेला. कोण कशाला शोधतंय त्याला?

"तो येणार नाही," मी ओरडले. "जिवंत आहे की मेला तेही ठाऊक नाही."

"येल. डोला गेलाय त्याचा, जीब नाय गेली."

मी फोन आपटून निघून आले. पुन्हा गेले तेव्हा पुन्हा भांडलो. त्याच्या पुढच्या वेळीही. मी अजूनही म्हणते दादा, तू हो म्हणायला हवं होतंस. तुझ्या चितेपुढे उभं राहूनही मी मनात हेच म्हणत होते. खोटं बोलून घरी आलेला भाऊ मला चालला असता. खरं बोलून मेलेला भाऊ घेऊन मी काय करू? पण निरपराध माणसाला घरी जायचं असेल तर 'मी गुन्हेगार' म्हणावं लागतं आणि नाही म्हटलं तर कुजावं लागतं, असा हिशेब ज्यांनी मांडून ठेवला, त्यांच्याशी भांडायचं सोडून मी तुझ्याशी भांडत बसले. कारण तू काचेपलीकडे का होईना, समोर होतास. ते कधी समोर येतच नाहीत.

आता पाय. तुला साखरेचा आजार आधीपासूनच होता. टाचेला जखम झाली, चिघळली. शेखबाईंनी अर्ज केला, न्यायाधीशांनी त्याच दिवशी आदेश दिला की याला रुग्णालयात न्या. आदेश पोचला. तरी तू बराकीतच. का? गार्ड नाहीत. कोर्टात आणायला नव्हते तेच गार्ड रुग्णालयात न्यायलाही नव्हते. शेखबाई पुन्हा उभ्या राहिल्या, पुन्हा आदेश. अखेर नेलं तेव्हा पाय घोट्याच्या वरपर्यंत काळा पडला होता.

सरकारी रुग्णालयात तुला भेटायला आलो तेव्हा तुझा डावा हात पलंगाला साखळदंडाने बांधलेला होता. मी हवालदाराला म्हटलं, "हा पळणार आहे का? कुठल्या पायाने पळेल?"

"ताई, नियम हाय."

"कुठला नियम? कोर्टाच्या परवानगीशिवाय बेडी घालता येत नाही. दाखवा परवानगी."

तो वाईट माणूस नव्हता. वहिनीला स्वतःचं स्टूल देऊन उभा राहिला होता. पण किल्ली त्याच्याकडे नव्हती म्हणे. चांगली माणसं सगळीकडे आहेत, दादा, किल्ली कोणाकडेच नसते.

वहिनी तुझ्या मोकळ्या हाताची नखं कापत होती. तू मला विचारलंस, "तारीक कंदी हाय?" मी म्हटलं, "तारीख गेली खड्ड्यात, तू आधी बरा हो." तू डोळे मिटलेस. मला पुष्कळ बोलायचं होतं. टेम्पोने तुला टाकून दिलं त्या संध्याकाळी मी तुझ्यावर चिडले, पण दुसऱ्या दिवशी वर्गात ऐटीत सांगितलं होतं की काल ज्याने आऊट दिला तो माझा भाऊ. हे तुला कधी सांगितलंच नाही. तेव्हाही नाही सांगितलं. म्हटलं, बरा झाला की सांगू. तू बरा झाला नाहीस. तू गेलास असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाही आधी हवालदाराने वर फोन करून विचारलं, आणि मग तुझा हात सोडवला. मेल्यावर परवानगी लगेच मिळाली.

परवा तुझी तारीख होती. तू विचारत होतास तीच. मी एकटी गेले, वहिनी घरीच होती. तुझ्या मृत्यूचा दाखला आधीच दाखल झाला होता. न्यायाधीश नवे होते, तरुण, बोलायला नम्र. म्हणाले, "आरोपी मयत झाल्यामुळे खटला इथेच संपतो."

मी उभी राहिले. "संपतो म्हणजे काय, साहेब? सुटला की नाही सुटला?"

"दोन्ही नाही. आरोपीच हयात नाही, तर निकाल कोणाविरुद्ध द्यायचा?"

"विरुद्ध नकोच. त्याच्या बाजूने द्या."

कोर्टात कोणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. म्हणाले, "बाई, कायद्यात तशी सोय नाही. पण तुमच्या भावाला कोणीही दोषी ठरवलेलं नाही. कायद्याच्या नजरेत तो निर्दोषच होता."

"मग निर्दोष माणूस तीन वर्षं कुठे होता?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. शेखबाईंनी माझ्या दंडाला धरून मला बसवलं. पुढच्या खटल्याचं नाव पुकारलं गेलं.

तेवढ्यात दाराशी गडबड झाली. एका डोळ्यावर काळी काच असलेला चष्मा लावलेला, उन्हाने रापलेला माणूस शिपायाला कागद दाखवत होता आणि शिपाई त्याला बाहेर ढकलत होता. "तुझी केस खतम झाली. आरोपी मर गया. जाव घर."

"अरे भाई, मेरी गवाही?"

"नहीं लगेगी अब."

तो रामसूरत होता, दादा. समन्स एकदाचं पोचलं होतं. दोन गाड्या बदलून तो साक्ष द्यायला आला होता आणि त्याला दारातूनच परत लावत होते. साक्ष द्यायला गेलास तर तुला आत टाकलं, साक्ष द्यायला आला तर त्याला बाहेर काढलं. तू म्हणालास तसा तो आला. मला भीती होती तसा उशीर झाला. आपलं भांडण जिथल्या तिथे आहे.

मी बाहेर जाऊन सांगितलं मी कोण ते. त्याने आधी हात जोडले, मग एकदम भडकला. "बहनजी, मैंने अस्पताल में ही बोला था. बालाराम भैया ने मना किया था, बोले उजाला होने दे, बाहर लड़के खड़े हैं. मैं ही नहीं माना. मैंने बोला था, किसी ने लिखा ही नहीं. मेरी आँख गई, उनकी जान गई, और जिन्होंने मारा उनको मैं आज भी पहचान लूँ. मुझसे किसी ने पूछा? एक बार भी पूछा?" आवाज एवढा चढला की दोन पोलीस वळून बघायला लागले. मीही त्याला गप्प केलं नाही. ओरडू दे म्हटलं. त्या इमारतीत इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी आपल्या खटल्याचं खरं मोठ्याने बोलत होतं, आणि ते जिन्यात.

त्याला वहिनीला भेटायचं होतं. मी त्याला गावात घेऊन आले. नाक्यावरून चालत येताना लोक बघत होते, फ्लेक्सच्या दोऱ्या अजून लोंबत होत्या. वहिनी ओटीवर सुकट निवडत बसली होती. रामसूरतने उभ्याउभ्याच तिला सगळं सांगितलं, कोर्टात सांगायचं होतं ते सगळं, पहिल्यापासून. गाडी, मोटारसायकली, तू काय म्हणालास, त्याने कसं ऐकलं नाही. वहिनीला हिंदी नीट येत नाही, पण तिने एकदाही मला अर्थ विचारला नाही. पदराने डोळे पुसले नाहीत. ऐकून झाल्यावर सूप बाजूला ठेवलं आणि मला विचारलं, "हे कोर्टात लिवून घेतला?"

"नाही, वहिनी. केस संपली."

"कशी संपेल? ह्यो मानूस आता आलाय."

मी तिला न्यायाधीश काय म्हणाले ते सांगितलं. सोय नाही, निकाल नाही, सुटलाही नाही आणि अडकलाही नाही. शेखबाई म्हणाल्यात त्या अर्ज करतील, तुझ्या मृत्यूची चौकशी, ते दोन दिवस तुला ठाण्यात डांबून ठेवल्याची चौकशी, ड्रायव्हरचा जबाब, सगळ्यासाठी. पण बहुतेक फेटाळतील, हेही सांगितलं.

वहिनी उठली. हात धुतले. रामसूरतला विचारलं, "तुमी कंदी जानार गावाला?"

"आज रात की गाड़ी है, भाभी."

"नका जाऊ," ती म्हणाली. "इथं ऱ्हावा, जेवा. सोमवारी कोर्ट उघडला की परत जाऊ."

तो थांबलाय, दादा. आत तुझ्या खाटेवर झोपलाय. सोमवारी आम्ही तिघं जातोय.